पंचवीस छिद्रांचा करार

डेस्कटॉप संगणकाच्या मागच्या पत्र्यावरील पोर्टांचा इतिहास बहुधा वेगाच्या चढत्या भाजणीने सांगितला जातो: १९९६च्या जानेवारीत आलेल्या यूएसबीच्या पहिल्या आवृत्तीत सेकंदाला १२ मेगाबिट, २०००मधील दुसऱ्या आवृत्तीत ४८० मेगाबिट आणि २००८मधील तिसऱ्या आवृत्तीत ५ गिगाबिट. या मांडणीत चूक काही नाही, परंतु कोणते पोर्ट रुजले, कोणते अर्ध्यावर गळाले आणि कोणते कालबाह्य ठरूनही हटायला तयार झाले नाहीत, याचे उत्तर तिच्यातून मिळत नाही. ते उत्तर सर्वांत स्पष्टपणे मिळते ते प्रिंटरसाठीच्या पॅरलल पोर्टच्या हकिगतीत.

येथे दोन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. कनेक्टर म्हणजे धातू आणि प्लास्टिकचा, हाताला लागणारा जोड. पोर्ट म्हणजे त्या जोडामागचा करार, ज्यात कोणत्या तारेवर कोणता संकेत, किती व्होल्टला आणि कोणाच्या पाठोपाठ जायचा, हे ठरलेले असते. सीरियल पोर्टमध्ये माहितीचे बिट एका तारेवरून एकामागून एक जातात, तर पॅरलल पोर्टमध्ये आठ बिट आठ तारांवरून एकाच वेळी जातात. करार आणि जोड यांचे नाते वाटते तितके घट्ट नसते. एकच करार वेगवेगळ्या जोडांवर चालू शकतो आणि एकाच जोडामागे निरनिराळे करार असू शकतात.

पॅरलल पोर्टचा करार १९७०च्या सुमारास अमेरिकेत सेंट्रॉनिक्स या नावाखाली आकाराला आला. शांघायमध्ये जन्मलेल्या आणि हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवलेल्या आन वांग यांच्या वांग लॅबोरेटरीज या कंपनीचा हा एक विभाग होता. रॉबर्ट हॉवर्ड त्याचे प्रमुख होते आणि विभागाचे मूळ काम कॅसिनोंसाठी टर्मिनल बनवण्याचे होते. जुगारातील व्यवहारांच्या पावत्या छापण्यासाठी प्रिंटर हवा होता, त्यातून सात तारांच्या छपाई-शीर्षाचा मॉडेल १०१ हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर निघाला, आणि पुढे १९७१मध्ये हा विभाग न्यू हॅम्पशायरमधील हडसन येथे स्वतंत्र कंपनी झाला. या प्रिंटरला कोणता कनेक्टर लावायचा, याचा निर्णय मात्र तांत्रिक चर्चेतून झाला नाही. वांग यांच्याकडे एका जुन्या कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले ३६ संपर्कांचे अ‍ॅम्फेनॉल कंपनीचे जोड शिल्लक होते, त्यांची संख्या २०,००० सांगितली जाते, आणि पडून असलेला हाच माल नव्या प्रिंटरला लावण्यात आला. पुढे जगभर ‘सेंट्रॉनिक्स कनेक्टर’ म्हणून ओळखला गेलेला, दोन्ही बाजूंनी तारेच्या कड्यांनी अडकवायचा तो रुंद जोड मुळात गोदामातील शिल्लक होता.

जोड असा योगायोगाने आला असला, तरी करार विचारपूर्वक केलेला होता. संगणक आठ तारांवर एका अक्षराचे आठ बिट मांडतो आणि ‘स्ट्रोब’ या नावाच्या तारेवरील व्होल्टेज क्षणभर खाली आणतो, म्हणजे अक्षर तयार आहे, उचलावे, अशी सूचना देतो. प्रिंटर लगेच ‘बिझी’ ही तार वर करून आपण कामात असल्याचे कळवतो आणि अक्षर घेऊन झाले की ‘अ‍ॅकनॉलेज’ या तारेवर पोच देतो. कागद संपल्याची खबर देणारी तारही स्वतंत्र होती. वेगवान संगणकाने मंद प्रिंटरसाठी थांबायचे, एवढीच यातील मुख्य अट असल्याने कोणत्याही कारखान्याला तिचे पालन करणारा प्रिंटर बनवता येत असे, आणि अनेकांनी तो बनवलाही.

१९८१च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा हाच करार स्वीकारला, पण ३६ संपर्कांचा जोड कार्डाच्या अरुंद पट्टीवर बसण्याजोगा नव्हता. म्हणून ८ तारा माहितीच्या, ४ नियंत्रणाच्या, ५ प्रिंटरकडून येणाऱ्या स्थितीच्या आणि ८ अर्थिंगच्या, अशी काटछाट करून तो २५ पिनांच्या ‘डी’ आकाराच्या जोडात बसवण्यात आला. मोडेमसाठीचा सीरियल पोर्टही त्या पीसीवर २५ पिनांचाच होता, त्यामुळे पत्र्यावर बाहेर आलेल्या पिना असतील तर सीरियल आणि छिद्रे असतील तर प्रिंटर, एवढ्या एकाच खुणेवर ओळख ठेवावी लागे. एका टोकाला २५ आणि दुसऱ्या टोकाला ३६ संपर्क असलेली जाड प्रिंटर केबल ही याच तडजोडीची निशाणी होय.

ज्या कंपनीच्या नावाने हा करार चालला, तिला मात्र त्याचा लाभ टिकवता आला नाही. एप्सनसारख्या जपानी कंपन्यांनी तोच करार पाळून स्वस्त प्रिंटर आणले, आयबीएमने पीसीसोबत दिलेला प्रिंटरही मूळचा एप्सनचा होता, आणि १९८७मध्ये सेंट्रॉनिक्सने आपला प्रिंटर व्यवसाय विकून टाकला. हाती आलेल्या पैशांतून तिने स्वयंपाकाची भांडी आणि साधने बनवणारी एक्को ही कंपनी घेतली व पुढे तिचेच नाव धारण केले. आयईईईने या कराराला १२८४ क्रमांकाच्या प्रमाणाचे अधिकृत रूप दिले ते १९९४मध्ये, म्हणजे नाव देणारी कंपनी स्वयंपाकघरात शिरल्यानंतर.

महाराष्ट्रात या पोर्टाने छपाईपलीकडे एक काम केले. युनिकोडपूर्व काळात मराठी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे हार्डवेअर लॉकसह विकली जात. एका बाजूला पिना आणि दुसऱ्या बाजूला छिद्रे असलेली ही छोटी डबी प्रिंटर पोर्टात स्क्रूने घट्ट बसवायची आणि प्रिंटरची केबल तिच्या पाठीवर जोडायची, अशी पद्धत डीटीपी केंद्रांत सर्रास होती. सॉफ्टवेअर अधूनमधून पोर्टाच्या तारांवर प्रश्न टाकी, डबी ठरलेले उत्तर देई आणि उत्तर आले नाही तर काम अडे. हे शक्य होते, कारण पॅरलल पोर्टाला बहुतेक यंत्रांत षोडशमान पद्धतीतील ३७८ हा ठरावीक पत्ता होता आणि त्या पत्त्यावर एक संख्या लिहिली की संबंधित तारांवरील व्होल्टेज थेट बदलत असे. स्टेपर मोटर चालवणाऱ्या लहान सीएनसी यंत्रांनी याच सोयीचा उपयोग केला.

यूएसबीने ही सोय काढून घेतली. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा इंटेलमध्ये ज्यात मोठा वाटा होता, त्या यूएसबीच्या मूळ रचनेत चारच तारा होत्या. प्लगमधील वीजपुरवठ्याच्या दोन पट्ट्या माहितीच्या पट्ट्यांपेक्षा थोड्या लांब ठेवलेल्या असतात, म्हणजे आधी वीज जुळते आणि मग संभाषण सुरू होते. प्लग उलटसुलट कसाही बसावा अशी रचना केली असती, तर तारा आणि मंडल दुप्पट होऊन खर्च वाढला असता, असे कारण भट्ट यांनी नंतर दिले. इंटेलने यूएसबीवर स्वामित्वशुल्क मागितले नाही. अ‍ॅपलने १९९९मध्ये अधिक वेगवान फायरवायरसाठी प्रत्येक पोर्टामागे एक डॉलर मागितला, पुढे तो कमी केला, पण तोवर बाजाराने आपली दिशा पकडली होती. सेंट्रॉनिक्सच्या करारासारखाच येथेही विजय झाला तो कोणालाही मोकळेपणाने सामील होता येईल अशा व्यवस्थेचा. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेने कीबोर्डला जांभळा, माउसला हिरवा, मॉनिटरला निळा आणि पॅरलल पोर्टाला गडद तांबडा रंग नेमून दिला. निवृत्तीच्या वाटेवरील पोर्टांना ओळखपत्रे मिळाली, असेच म्हणावे लागते.

यूएसबीतून पॅरलल पोर्ट काढून देणारे परिवर्तक बाजारात मिळतात आणि त्यांवर प्रिंटर चालतो, परंतु त्यांच्यामागे ३७८ हा पत्ता नसतो. प्रिंटरचा करार तेवढा पाळला जातो आणि तारांवरचा थेट ताबा मिळत नाही, म्हणून जुने लॉक अशा परिवर्तकावर सहसा ओळखले जात नाही. परिणामी त्या काळातील ज्या मराठी पुस्तकांची आणि अंकांची मूळ फाइल अशा सॉफ्टवेअरच्या खासगी स्वरूपातच राहिली, ती उघडण्याचा मार्ग अजूनही पंचवीस छिद्रांतून जाऊ शकतो. प्रकाशनसंस्था आणि ग्रंथालये जुन्या सीडी जपून ठेवतात, पण ज्या संगणकावर त्या वाचता येतील तो भंगारात देतात; मराठी मुद्रणाच्या त्या युनिकोडपूर्व काळाचे दप्तर खरोखर टिकवायचे असेल, तर पॅरलल पोर्ट असलेला एक चालू डेस्कटॉप आणि त्यात बसलेले लॉक यांची नोंदही फाइलींच्याच यादीत व्हायला हवी.