हाक कोणाची, ओ कोणाची?

1990 नंतरच्या एका दिवाळीत माझ्या मामेभावाला व मला अगदी सारख्या दोन मोटारी मिळाल्या होत्या. हातातील पेटीची कळ दाबावी आणि दूरवर मोटार धावावी! अंगणात दोन्ही उतरल्या मात्र, आणि भांडण जुंपले. कारण मी कळ दाबली की त्याचीही मोटार पळे. दोष आम्हा दोघांचाही नव्हता. दोन्ही प्रक्षेपक 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच कंप्रतेवर बोलत होते. मोटारीतील ग्राहकयंत्राला हाक ऐकू येई. हाक मारणारा कोण, हे मात्र कळत नसे.

जगदीशचंद्र बोस यांनी 1895 मध्ये कलकत्त्यास बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजविली, तेव्हा हा प्रश्न उद्‌भवलाच नाही. हाक मारणारे तेथे दुसरे होते कोण? पुढे छोटी विमाने उडविणाऱ्या हौशी मंडळींनी स्फटिकांच्या जोड्या वापरल्या. एक स्फटिक प्रक्षेपकात, त्याचा जोडीदार ग्राहकयंत्रात. दोघांची कंप्रता ठरलेली. मैदानावर एक फळा असे. त्यावरचा आपल्या कंप्रतेचा चिमटा हाती आल्याशिवाय प्रक्षेपक सुरू करावयाचा नाही, असा दंडक. कोणी तो विसरला, तर त्याच कंप्रतेवर उडणारे दुसऱ्याचे विमान भरकटे. आणि दोनतीन किलोंचे, पंखा गरगरत असलेले विमान माणसांच्या अंगावर येणे हा काही खेळ नव्हे.

या शतकाच्या पहिल्या दशकात 2.4 गिगाहर्ट्झची यंत्रे आली आणि प्रक्षेपकाला स्वतःचा क्रमांक मिळाला. आमच्या कचेरीत जावक क्रमांकावाचून कागद हलत नाही, तसेच हे! प्रथम एकदा दोन्ही यंत्रे जवळ ठेवून ‘बाइंडिंग’, म्हणजे गाठ बांधावी लागते. ग्राहकयंत्राचा दिवा लुकलुकू लागतो, प्रक्षेपक आपला क्रमांक सांगतो, ग्राहकयंत्र तो टिपून ठेवते. वीज बंद केली तरी तो पुसला जात नाही. मग दुसरा क्रमांक घेऊन आलेला संदेश ते सरळ टाकून देते. पुष्कळ पद्धतींत कंप्रता क्षणोक्षणी बदलते, आणि उड्यांचा तो क्रमही या क्रमांकावरूनच ठरतो. अशा उड्यांची एक योजना चित्रपटतारका हेडी लमार व संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्या 1942 च्या पेटंटात आहे. पियानोच्या पट्ट्यांइतक्याच, म्हणजे 88 कंप्रता त्यांनी योजिल्या होत्या.

परंतु क्रमांक म्हणजे कुलूप नव्हे. 2016 मध्ये एका संशोधकाने अशा एका प्रचलित पद्धतीतील खूण हवेतील संदेशांवरून हुडकून दुसऱ्याच्या यंत्राचा ताबा घेऊन दाखविला. शिवाय साध्या यंत्रांत ही ओळख एकतर्फी असते. ग्राहकयंत्र धन्याला ओळखते. प्रक्षेपकाला मात्र आपले कोण ऐकते याचा पत्ता नसतो. एकाच प्रक्षेपकाशी दोन विमानांची गाठ बांधलेली असली आणि दोन्हींची वीज सुरू राहिली, तर दोन्ही पंखे एकदम फिरू लागतात. कित्येक यंत्रांत हाक तुटल्यास पंखा बंद करण्याची आज्ञाही गाठ बांधतानाच नोंदली जाते. म्हणून जाणकार मंडळी गाठ बांधण्यापूर्वी पंखा काढून ठेवतात, आणि ती आज्ञा पाळली जाते की नाही हे जमिनीवरच, प्रक्षेपक बंद करून पाहतात.