जुनी पिकअप, नवा मालक (भाग 3) : चिपच्या आधी रेडिएटर

अमरावती-अकोल्याकडे जुनी डिझेल पिकअप, बहुतेक वेळा बोलेरो, दारात आली की नव्या मालकाला पहिला मोह होतो तो इंजिनाची ताकद वाढवण्याचा. रिमॅप करायचं किंवा चिप बसवायची, की गाडी लगेच ओढू लागते. माझं मत असं, की वऱ्हाडात हे काम सगळ्यांत शेवटी यावं आणि बहुतेकांना त्याची गरजच पडू नये. चार-पाच वर्षं माल वाहिलेल्या गाडीत कंपनीने दिलेली ताकदही पुरती उरलेली नसते. चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या पाइपातली गळती, थकलेले इंजेक्टर आणि चाकाला धरून बसणारे लायनर तिला खात असतात. ती परत मिळवायला नवं काही विकत घ्यावं लागत नाही, नीट दुरुस्ती पुरते.

रिमॅप म्हणजे मुख्यतः जास्त डिझेल आणि टर्बोचा जास्त दाब, म्हणजेच जास्त उष्णता. ती बाहेर टाकायची रेडिएटरने, आणि इथेच आपला उन्हाळा आडवा येतो. कूलंट 90 अंशांवर आणि बाहेरची हवा 25 वर असेल तर दोहोंत 65 अंशांचा फरक असतो. अकोल्याच्या मे महिन्यात हवा 45 ला पोचली की तो फरक 45 वर येतो, आणि त्याच रेडिएटरची उष्णता फेकण्याची क्षमता जवळपास एक तृतीयांशाने घटते. त्यात दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट हा पूर्णेचा खारपाणपट्टा. गाडी तापली की वाटेतल्या बोअरचं पाणी ओतायची सवय इथे फार महागात पडते. क्षार नळ्यांत साचतात, धातू गंजतो आणि बाहेरून धडधाकट दिसणारा रेडिएटर आतून अर्धा बुजलेला निघतो. म्हणून पहिला खर्च तो साफ करून घेण्यावर, डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात मिसळलेल्या कूलंटवर, थर्मोस्टॅटवर आणि पंख्यावर व्हावा.

दुसरा खर्च ब्रेकचा. अमरावती-अकोला महामार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची डांबरी पट्टी 105 तास 33 मिनिटांत टाकून विश्वविक्रम झाला. चांगल्या रस्त्यावर वेग धरायला मोठं इंजिन लागत नाही. पण वेग 60 वरून 80 वर गेला की थांबवताना जिरवायची ऊर्जा पावणेदोन पटींहून जास्त होते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलेली गाडी उतरताना ते उकळलं तर पेडल पोकळ जातं. जुन्या गाडीचं ऑइल आधी बदलावं आणि पुढेही दर दोन वर्षांनी. टायरवरचे चार आकडेही वाचावेत : 3221 म्हणजे 2021 चा 32 वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी म्हातारं रबर तापल्या डांबरावर भरवशाचं नसतं.

यावर व्यवसायातली माणसं म्हणतील, हप्ता फेडायचा तर जास्त माल भरावाच लागतो, म्हणून आधी पाटे वाढवू. ही अडचण खरी आहे, भाडं कमी आणि डिझेल महाग. पण अनेक पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्व्ह चासी आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर पाहून वजन ओळखतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही खाली दबत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. वजन वाढलं आणि थांबण्याची शक्ती घटली, हे दोन्ही एकाच कामातून घडतं. शिगोशीग भरलेल्या कापसाला तर वजनापेक्षा उंचीचा धोका मोठा. तिथे चांगले शॉकअप आणि बुश उपयोगी पडतात, पाटे नाहीत. शिवाय ओव्हरलोडचा दंड 20,000 रुपयांपासून सुरू होतो आणि प्रत्येक जादा टनाला 2,000 वेगळे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे सांगितलं आहे. अपघातानंतर विमा कंपनी हेच बदल पुढे करू शकते.

एवढं करूनही मृग बहाराची संत्री घेऊन वरुड-मोर्शीहून निघालेली गाडी चढाला दम टाकत असेल, तर चिपचा विचार करण्याआधी सिलिंडरचं कॉम्प्रेशन आणि टर्बोचा दाब मोजून घ्यावा. कॉम्प्रेशन उतरलेल्या इंजिनात जास्त डिझेल सोडलं तर त्याचा काळा धूर होतो, आणि वाढलेला टॉर्क आधी क्लच प्लेट जाळतो.