पिंजऱ्यातल्या सशाला काय द्यावे?

ईदी जमली की मुलांची एक मागणी ठरलेली: ससा हवा! दिसायला गोड, आवाज नाही, म्हणून अम्मी-अब्बाही लवकर तयार होतात. मग त्याच्यापुढे गाजर येते, पाव येतो, बिस्किट येते, उरलेला भातही येतो. कित्येक ससे उपासाने नव्हे, अशा लाडानेच आजारी पडतात.

बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत मांजर कोंडून ठेवल्याबद्दल शिक्षा झालेल्या स्त्रीचा उल्लेख आहे. तिने त्या मांजरीला ना खाऊ घातले, ना स्वतःचे अन्न शोधायला मोकळे सोडले. मोकळा ससा आपले गवत स्वतः शोधतो. पिंजऱ्याचे दार आपण लावले की ती जबाबदारी आपली.

आणि सशाचे खरे अन्न गवतच. त्याचे दात आयुष्यभर वाढतात. गवत चघळून चघळूनच ते झिजतात. गवत कमी पडले की दाढांना टोके येतात, जीभ आणि गाल सोलवटतात, भूक असूनही खाता येत नाही. आतडीही त्या चोथ्यावरच चालतात. म्हणून वाळलेले, बुरशी नसलेले गवत दिवसरात्र पुढ्यात हवे. रोज निदान त्याच्या अंगाएवढा ढीग. ताजी हरळी चालते, मात्र फवारणी केलेल्या जागेची नको. लसूणघासात कॅल्शियम जास्त असते. ती पिलांना ठीक, मोठ्यांना रोज नको.

सोबत थोडी कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला. गाजराचा पाला आपण फेकतो आणि गाजर सशाला देतो! गाजरात साखर असते, एखादी चकती पुरे. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट अजिबात नको. विकतचे गोळीखाद्य किलोभर वजनामागे दिवसाला 25 ग्रॅमच्या आत. पाणी जड वाटीत, सतत भरलेले.

ससा स्वतःची मऊ लेंडी खाताना दिसला की घरात आरडाओरड होते. त्याला अडवू नका. त्यातूनच त्याला ब जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात.

मात्र 12 तासांत त्याने काहीच खाल्ले नाही, लेंडीही पडली नाही, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच पशुवैद्याकडे न्या. एका दिवसाचा उशीरही जिवावर बेततो.

पाव-बिस्किटे मात्र आजच बंद करा. गवत आजपासून भरपूर ठेवा. पाल्याची सवय नसेल तर तो चिमूटभराने सुरू करून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा.