यथाशक्ति

शस्त्रक्रिया म्हटली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, महिनाभर अंथरुणावरून हलू नका. दुसरा म्हणतो, चार आसने करा, आठवड्यात टुणटुणीत व्हाल. गेल्या पावसाळ्यात माझी हार्नियाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दुसऱ्या पक्षाचा पुढारी मीच होतो. जनार्दनस्वामींनी १९५१ साली आमच्या नागपुरात योगाभ्यासी मंडळ स्थापन केले. रामनगरात तेथे आजही विनामूल्य योग शिकवतात. मी वर्षानुवर्षे जाणारा. तेव्हा आपल्याला सारे कळते, असा माझा समज!

दहाव्या दिवशी सौ. बाजारात गेल्याची संधी साधून मी सतरंजी अंथरली आणि भुजंगासन करायला गेलो. छाती उचलली न उचलली तोच जांघेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सौ. परतली तो मी तसाच पालथा. "अहो, हे काय मांडलंत?" एवढेच ती म्हणाली, पण तिच्या हातातली पिशवी थरथरत होती. ऑटोतून डॉक्टरांकडे जाताना दोघेही गप्प होतो.

सुदैवाने टाके शाबूत होते. डॉक्टरांनी योगाला नकार दिला नाही. "पोटावर जोर येईल असे काही सध्या नको. श्वास मात्र नीट घ्या," ते म्हणाले. पोटाची शस्त्रक्रिया झाली की दुखण्याच्या भीतीने माणूस उथळ श्वास घेतो. फुफ्फुसांचा खालचा भाग पुरता फुगत नाही, तेथे कफ साचतो आणि कधी त्यातूनच न्यूमोनिया होतो. म्हणून सावकाश, दीर्घ श्वास घ्यावा. खोकताना जखमेवर उशी धरावी. पडल्या पडल्या पावले घोट्यातून हलवावीत आणि घरातल्या घरात चालावे, म्हणजे पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका कमी होतो. भुजंगासन, नौकासन, कपालभाती यांना डॉक्टर सांगतील तोवर रजा.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढून योगाला प्रयोगशाळेत नेले. तो शोध पुढेही चालू राहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या एका अभ्यासात, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर योगाची जोड मिळालेल्या स्त्रिया इस्पितळातून लवकर घरी गेल्याचे आढळले. त्यांचा भर होता तो श्वासावर आणि शरीर सैल सोडण्यावर. अवघड आसनांवर नव्हे.

मंडळात 'यथाशक्ति' हा शब्द मी शेकडो वेळा ऐकला होता. वर्गणी मागायला कोणी आले की आपण तो वापरतो आणि थोडक्यात सुटतो. मराठीच्या या मास्तराला त्याचा अर्थ मात्र पाठीवर पडून कळला. शक्ति म्हणजे कालची नव्हे, आजची!

सहा आठवड्यांनी डॉक्टरांच्या संमतीने मी रामनगरात गेलो. शिक्षकांनी मला शवासन दिले. शेजारी एक पोरगा झोकात सर्वांगासन करीत होता. मी डोळे मिटून घेतले.

"आज काय केलंत?" घरी येताच सौ.ने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. आणि कितीतरी दिवसांनी ती मनापासून हसली.