घरचा टेलिफोन इंटरनेटला जोडतांना

आपल्या माझगांवांत अशीं पुष्कळ घरें आहेत कीं, ज्यांतील मुलगा जहाजावर नोकरीस असतो किंवा मुलगी परदेशीं संसार करीत असते, आणि घरीं वृद्ध आईवडील त्यांच्या आवाजाची वाट पाहत असतात. मोबाइल फोनचा लहान पडदा वृद्धांच्या डोळ्यांस व बोटांस मानवतोच असें नाहीं. मेजावरचा जुना टेलिफोन मात्र त्यांच्या हातवळणीं पडलेला असतो. असा टेलिफोन टाकून न देतां त्यास इंटरनेटवरून बोलावयास लावणारें एक लहानसें यंत्र मिळतें. त्यास अॅडॅप्टर म्हणतात. तें काम कसें करतें, घरीं कसें जोडावें, आणि जोडल्यावर कोणती गोष्ट विसरूं नये, हें विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम जुन्या व्यवस्थेचा थोडा विचार करूं. मुंबईत टेलिफोनचें पहिलें एक्स्चेंज १८८२ सालीं उघडलें. तेव्हांपासून शंभराहून अधिक वर्षें आपला आवाज तांब्याच्या तारांच्या जोडीवरून जात असे. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणें तारेंतील वीज कमीअधिक होई, आणि दुसऱ्या टोंकास त्याच विजेचा पुन्हां आवाज होई. या कामास लागणारी वीज आपल्या घरची नसे. एक्स्चेंजमधील मोठ्या बॅटऱ्या सुमारें ४८ व्होल्टचा दाब तारेवर ठेवीत असत. म्हणूनच घरांतील दिवे गेले तरी साधा टेलिफोन चालूच राही. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

इंटरनेटची रीत अगदीं निराळी. भारतांत तें सर्वसामान्य जनतेस १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें, आणि त्यावरून टेलिफोन करण्यास सरकारनें १ एप्रिल २००२ पासून परवानगी दिली. इंटरनेटवरून आवाज जात नाहीं. जातात ते केवळ आंकडे. म्हणून अॅडॅप्टर प्रथम आवाजाचें मोजमाप करतो. एका सेकंदांत तो ८,००० वेळां आवाजाची उंची मोजतो व प्रत्येक माप ८ बिटांत लिहितो. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट झाले. मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढें बोलणें घेऊन तो त्याचें एकेक पाकीट करतो. प्रत्येक पाकिटांत १६० मापें असतात, आणि वर पत्ता व अनुक्रमांक घातलेला असतो. टपालांतील पत्रांप्रमाणें हीं पाकिटें निरनिराळ्या वाटांनीं जाऊं शकतात. पलीकडील यंत्र तीं क्रमानें लावतें व त्यांचा पुन्हां आवाज करतें. एखादें पाकीट उशिरां आलें किंवा हरवलें, तर शब्द तुटल्यासारखा ऐकूं येतो. बोललेला शब्द पलीकडे पोहोंचण्यास सेकंदाच्या सातव्या हिश्शाहून फार अधिक वेळ लागूं लागला, तर दोघेही एकदम बोलूं लागतात व संभाषणाचा रस जातो.

आतां जोडणीकडे वळूं. पहिलें काम म्हणजे परवाना असलेल्या कंपनीकडून इंटरनेट टेलिफोनचें खातें व क्रमांक घेणें. कित्येक कंपन्या घरीं जी इंटरनेटची पेटी बसवितात, तिलाच टेलिफोनचें भोंक असतें. तसें असल्यास अॅडॅप्टर त्या पेटींतच आहे असें समजावें व निराळा विकत घेऊं नये. निराळा घ्यावयाचा झाल्यास त्यास तीन तोंडें असतात: एक विजेचें, एक राउटरकडे जाणाऱ्या तारेचें व एक टेलिफोनचें. राउटर व अॅडॅप्टर यांमध्यें तारच लावावी. माझगांवांतील जुन्या इमारतींच्या जाड भिंतींतून बिनतारी लहरी क्षीण होतात, आणि मग पाकिटें हरवूं लागतात.

वीज चालू होतांच राउटर अॅडॅप्टरला घरांतल्या घरांत चालणारा एक आंकडी पत्ता देतो. तो पत्ता संगणकावर लिहिला असतां अॅडॅप्टरचें पान उघडतें. त्यांत कंपनीनें दिलेलें सर्व्हरचें नांव, आपल्या खात्याचें नांव व परवलीचा शब्द भरावा. अॅडॅप्टर सर्व्हरकडे आपली हजेरी लावतो आणि कांहीं वेळाच्या अंतरानें ती पुन्हां लावीत राहतो. यामुळेंच बाहेरून आलेला फोन कोणत्या घरीं पाठवावा, हें सर्व्हरला कळतें. हजेरी लागली कीं रिसीव्हरमध्यें परिचित गुणगुण ऐकूं येते.

येथें तीन सूचना कराव्याशा वाटतात. जुन्या टेलिफोन कंपनीची तार अजून भिंतींत जिवंत असेल, तर अॅडॅप्टर त्या भिंतीच्या खोबणीस जोडूं नये. बाहेरच्या विजेनें तो जळण्याचा संभव असतो. दुसरें असें कीं, चकती फिरवून क्रमांक लावण्याचे जुने टेलिफोन कित्येक अॅडॅप्टरांस समजत नाहींत. खरेदीपूर्वीं विचारून घ्यावें. तिसरी सूचना फार महत्त्वाची. अॅडॅप्टरबरोबर कारखान्यांतून आलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशीं बदलावा. नाहीं तर परका मनुष्य दूर बसून आपल्या खात्यावर फोन करील, आणि बिल मात्र आपणांस भरावें लागेल.

आतां प्रारंभीं ध्यानांत ठेवावयास सांगितलेल्या गोष्टीकडे येऊं. अॅडॅप्टर, राउटर आणि इंटरनेटची पेटी हीं सारीं घरच्या विजेवर चालतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबईची वीज एकाएकीं गेली. लोकल गाड्या जागच्या जागीं थांबल्या व शहराच्या कित्येक भागांत वीज परत येण्यास तास लागले. अशा वेळीं पाठबळाची बॅटरी नसलेल्या घरांतील इंटरनेटचा टेलिफोन मुका होतो. त्याच वेळीं घरांतील वृद्धांस डॉक्टरांची किंवा अग्निशामक दलाची गरज लागली, तर?

यावर उपाय आहे, व त्याचा हिशेब शाळेंतील मुलासही करतां येईल. समजा, तिन्ही यंत्रें मिळून २० वॉट वीज खातात. १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची बॅटरी ८४ वॉट-तास वीज सांठविते. ८४ ला २० नें भागिलें असतां चार तासांहून थोडें अधिक येतात. वाटेंतील नुकसान धरल्यास तीन तास तरी धरावे. परंतु तिन्ही यंत्रें बॅटरीवर असलीं पाहिजेत. एकही सुटलें तर बाकीचीं दोन व्यर्थ होत. शिवाय इमारतीच्या जिन्याखालीं कंपनीची जी पेटी असते, तिची वीज गेल्यास घरची बॅटरी काय करणार? म्हणून भरलेला मोबाइल फोन नेहमीं हाताशीं असावा. संकटकाळच्या ११२ या क्रमांकावर आपल्या इंटरनेट टेलिफोनवरून फोन लागतो कीं नाहीं, हें कंपनीस आधींच विचारावें. आणि तो लागला तरी आपला ठावठिकाणा पलीकडे आपोआप कळेल असें समजूं नये. घराचा पूर्ण पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून टेलिफोनजवळ चिकटवावा, म्हणजे घाबरलेल्या मनुष्यासही तो वाचून सांगतां येईल.

विद्यार्थिमित्रांनो, नवें यंत्र घरीं आलें कीं त्याच्या सोयी तुम्हांस आधीं दिसतात. जुन्या यंत्राबरोबर कोणती सोय निघून गेली, हेंही पाहण्याची संवय ठेवा. महिन्यांतून एकदां वडील मंडळींच्या अनुमतीनें घरची मुख्य कळ बंद करा, रिसीव्हर उचला आणि गुणगुण ऐकूं येते कीं नाहीं तें पाहा. न आल्यास काय करावयाचें, तें त्या दिवशींच शांतपणें ठरवितां येईल.