जाळं जड लागतं, पण मासळी नाही! किनाऱ्यावर एवढे जेलीफिश येतात कुठून?

पावसाळा सरला, समुद्र जरा निवळला की रापणीचा दोर ओढताना कधी कधी हाताला वेगळाच भार लागतो. सगळ्यांना वाटतं, आज चांगली मासळी लागली. जाळं वाळूवर आलं की आत पांढरट, बुळबुळीत गोळ्यांचा ढीग. बांगडा, तारली त्यातच कुठेतरी चेपलेली. जाळं साफ करताना हातांची आग होते ती वेगळीच. होडी यांत्रिक असेल तर डिझेलचा खर्चही अंगावर. सिंधुदुर्गापासून पालघरपर्यंत दर्यावर जाणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. प्रश्न एवढाच की काल नव्हते आणि आज अख्खं जाळं भरून आले, हे कसं?

नावात फिश असलं तरी जेलीफिश हा मासा नव्हे. त्याला हाड नाही, मेंदू नाही, हृदय नाही. अंगात जवळजवळ ९५ टक्के पाणीच. पोहण्याची ताकद अगदी बेताची, त्यामुळे वारा आणि पाण्याची ओढ नेईल तिकडे तो जातो. किनाऱ्यावर थवेच्या थवे लागतात त्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. लांबवर पसरलेले जेलीफिश प्रवाहाने एका जागी लोटले जातात.

उरलेलं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. अनेक जातींचे जेलीफिश आयुष्याचा पहिला भाग दगडाला, शिंपल्याला, जेटीच्या खांबाला चिकटून काढतात. तेव्हा ते इतके बारीक असतात की डोळ्यांना सहसा दिसतही नाहीत. असा एक जीव स्वतःसारखे आणखी जीव तयार करत राहतो. मग पाण्याचं तापमान आणि खाणं जमून आलं की चकत्या सुटाव्यात तशी त्याच्यापासून एकामागून एक पिल्लं सुटतात. एकाच हंगामात, एकाच वेळी. वाढतातही झपाट्याने. म्हणून आपल्याला वाटतं की रातोरात आले. जेटी, बंधारे, बंदरं जितकी वाढतील तितकी त्यांना चिकटायला कठीण जागा मिळते, हेही लक्षात घ्या.

आता खरा नुकसानीचा मुद्दा. जेलीफिश पाण्यातले सूक्ष्म जीव खातात, म्हणजे लहान मासळीचंच अन्न. शिवाय माशांची अंडी आणि पिल्लंही खातात. मासळी भरपूर असते तेव्हा तीच अन्न संपवते आणि जेलीफिशला आवर बसतो. मासळी उपसून काढली की मैदान मोकळं. आपलं पापलेट, ज्याला २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर केलं, ते असे जेलीसारखे जीव खातं. समुद्री कासवंही खातात. वेळास, आंजर्ल्याला अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडलेच्या खाण्यातही जेलीफिश असतात. आपण मात्र बोटभर पापलेटही बाजारात आणतो, आणि पाण्यात सोडलेली प्लास्टिकची पिशवी कासव जेलीफिश समजून गिळतं.

त्यात शेतातलं खत आणि शहरांचं सांडपाणी खाडीतून समुद्रात उतरतं. त्यामुळे शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो. मासे अशा पाण्यातून पळतात किंवा मरतात. जेलीफिशला मात्र कमी प्राणवायू चालतो.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. काळ्या समुद्रात १९८० च्या दशकात जहाजांच्या टाकीतल्या पाण्याबरोबर अमेरिकेकडची एक जेलीसारखी जात आली. बेसुमार मासेमारीने तिथला समुद्र आधीच पोखरला होता, त्यात ही भर. छोट्या मासळीचा धंदा कोसळला. जपानच्या समुद्रात २०० किलोपर्यंत वजनाचे जेलीफिश होतात. २००९ साली त्यांनी भरलेलं जाळं ओढताना तिथली १० टनी बोट उलटली होती. फ्रान्समध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये पाणी खेचणाऱ्या जाळ्यांत जेलीफिश अडकल्यामुळे ग्रॅव्हलिन्स अणुवीज केंद्राच्या ४ अणुभट्ट्या बंद पडल्या.

मग जगभर जेलीफिश वाढतच चालले आहेत का? सगळे शास्त्रज्ञ तसं म्हणत नाहीत. जुन्या नोंदी तपासल्यावर जगभरात साधारण २० वर्षांचा चढ-उतार दिसला. म्हणजे एका वर्षाच्या जाळ्यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल. पण आपल्या किनाऱ्यावर अशा लांबच्या नोंदी फारशा नाहीत. मोबाईल खिशात आहेच, तर जाळ्यात जेलीफिश दिसले की तारीख, जागा आणि फोटो ठेवा. पुढे मत्स्यव्यवसाय खात्यापुढे म्हणणं मांडताना 'यंदा लय होते' यापेक्षा त्याला वजन येईल.

काही जणांना यातून पैसाही मिळतो. गुजरातच्या किनाऱ्यावर खाण्याजोग्या जातीचे जेलीफिश मीठ आणि तुरटी लावून खारवतात आणि चीनकडे पाठवतात. पण प्रत्येक जात चालत नाही आणि खरेदीदाराशिवाय हा उद्योग करण्यात अर्थ नाही.

चटका बसला तर काय कराल?

२०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत जुहू, गिरगावला कित्येकांना निळ्या 'ब्लू बॉटल'ने चटके दिले. गोव्यात २०२० च्या नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांत ९० हून अधिक जणांना जेलीफिशचा त्रास झाला. ब्लू बॉटल खरा जेलीफिश नाही, पण आग तशीच होते.

चटका बसला की आधी पाण्याबाहेर या. चिकटलेले धागे उघड्या हाताने ओढू नका, हातमोजा किंवा चिमटा वापरा. जागा समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोड्या थंड पाण्याने धुतलं, वाळूने चोळलं तर धाग्यांतल्या उरलेल्या विषाच्या पिशव्या फुटतात. लघवी टाकण्याचा जुना उपाय तर करूच नका. नंतर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, २० मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. लहान मूल असेल तर पाणी आधी स्वतःच्या हाताने तपासा. दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ-चेहरा सुजला तर घरी उपाय करत बसू नका, १०८ ला फोन लावा.

आणि किनाऱ्यावर मेलेला, सुकलेला दिसला तरी पोरांना हात लावू देऊ नका. मेल्यावरही त्याचे धागे चटका देतात.