आहेराची वही आणि न्यायमूर्ती

आहेर, नजराणा आणि लाच यांत फरक काय, असे मी एकदा वर्गात विचारले. मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, आहेर वहीत लिहितात." वर्ग खो खो हसला; पण याहून नेमकी व्याख्या मला अजून कोशात सापडलेली नाही. मांडवाच्या कोपऱ्यात कुणी काका वही घेऊन बसतात आणि कोणी काय दिले हे चारचौघांदेखत टिपले जाते. त्यात देणाऱ्याला संकोच नाही, घेणाऱ्यालाही नाही.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना अशी वही ठेवायला कोणी सांगितले आहे काय?

फ्रान्सिस बेकन आपल्याला निबंधकार म्हणून ठाऊक. तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर होता आणि पक्षकारांकडून पैसे घेतल्यावरून १६२१ मध्ये त्याचे पद गेले. गंमत अशी की, तक्रार करणाऱ्यांपैकी ऑब्रीने १०० पौंड दिले होते, एजर्टनने ४००, आणि निकाल दोघांच्याही विरुद्ध गेला होता! पैशाने आपला निकाल कधी फिरला नाही, हाच बेकनचा बचाव. तरी त्याने २८ आरोप कबूल केले. ४०,००० पौंड दंड आणि टॉवरचा तुरुंगवास नशिबी आला.

मला कुतूहल आहे ते ऑब्रीच्या समोरच्या पक्षाचे. तो जिंकला खरा. पण हरला असता तर? आमच्या शेजारच्या आजींचा जागेचा दावा बरीच वर्षे उच्च न्यायालयात पडून आहे. देवळात जावे तशा त्या चपला सावरून तारखेला जातात. पलीकडच्या पक्षाची आणि न्यायमूर्तींची ओळख किती, हे त्यांनी कोणाला विचारावे?

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायाधीशांच्या आचरणाची सोळा कलमे स्वीकारली. १९९९ मध्ये मुख्य न्यायमूर्तींच्या परिषदेनेही ती मान्य केली. कुटुंबीय, जवळचे नातलग आणि मित्र यांच्याखेरीज कोणाचीही भेट वा पाहुणचार घेऊ नये, असे त्यांतले एक कलम सांगते. वाचायला छान! पण मित्र म्हणजे कोण? लॉ कॉलेजात शेजारी बसणारा वकील मित्रच. मग त्याचा धनाढ्य अशील? आणि मित्राने दिलेले कुठे नोंदवावे, याविषयी सोळाही कलमे गप्प आहेत. साध्या सरकारी कारकुनाला ठरावीक रकमेवरची भेट वरिष्ठांना कळवावी लागते. माझे आजोबा जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. आंब्याची करंडी दारात आली की ती त्याच हमालाच्या डोक्यावर परत जाई, आणि आम्हा घरच्यांचे तोंड आंबट होई.

अमेरिकेत १९७८ पासून न्यायाधीशांना भेटी जाहीर कराव्या लागतात. तरी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी एका अब्जाधीशाच्या खर्चाने केलेल्या, कधीच न नोंदवलेल्या सहली २०२३ मध्ये वृत्तसंस्थेने उघड केल्या. ते आमचे जिवलग मित्र, आणि असा पाहुणचार कळवावा लागत नाही असा सल्ला मिळाला होता, असा थॉमस यांचा खुलासा. पळवाट तिथेही 'मित्र' या शब्दातच निघाली! त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या न्यायालयाने प्रथमच लेखी आचारसंहिता स्वीकारली.

न्यायमूर्तींनी सारे पाश तोडून बैराग्यासारखे राहावे, असे मी म्हणत नाही. त्या खुर्चीवर गेल्यावर जुन्या स्नेह्यांकडे जाणे-येणे आपणहून कमी करणारी माणसे मी पाहिली आहेत. खरे तर वही त्यांच्याच सोयीची आहे; संशय घेणाऱ्याला पान उघडून दाखवता येईल.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या ३३ पैकी २१ न्यायमूर्तींच्या मालमत्तेचे तपशील संकेतस्थळावर मांडले. चांगली सुरुवात. घर, सोने, ठेवी त्यात दिसतात. पण कुणा कारखानदाराच्या बंगल्यात घालवलेले उन्हाळ्याचे आठ दिवस मालमत्तेच्या कोणत्या रकान्यात दिसणार?